आपला सचिन गप्प का?

मैत्रिणींनो, एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिनने लागोपाठ दोन शतके ठोकली, तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतल्या बायकाही खरकटी भांडी तशीच ठेवून टीव्हीपुढे बसल्या होत्या. आम्हीही. २००३ साली भेट मिळालेल्या फेरारीवरच्या आयातशुल्काच्या माफीचे प्रकरण गाजले. (ओरड झाल्यावर ते फियाट कंपनीने भरले.) तेही आम्ही पोटात घातले, लाडक्या लेकाचे घालतो तसे.

२०२३ चे मात्र घालवत नाही. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन विनेश फोगट, साक्षी मलिक जंतरमंतरवर बसल्या. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेले. १९८३ च्या विश्वविजेत्यांनी पत्रक काढले, कुंबळे बोलला. सचिन नाही. बांद्र्याच्या घराबाहेर जाब विचारणारा फलक लागला, तरी नाही. भारतरत्न, सहा वर्षे राज्यसभेत! दोन ओळींनी त्याचे काय जाणार होते? कोणाची मर्जी?

आमच्या बैठकीत एक जण म्हणाली, ‘खेळाडूने खेळावे, त्याला यात कशाला ओढता?’ विनेशही खेळाडूच. त्या उन्हाळ्यात तिचा सराव फुटपाथवर बुडत होता.