मामाचा गाव आणि मामीचा मे महिना

नोकरीच्या तीस वर्षांत 'मामाचा गाव' हा निबंध मी किती वेळा तपासला असेल, देव जाणे! प्रत्येक वहीत मामा आंबे पाडायचा, मामा पोहायला शिकवायचा, मामा जत्रेला न्यायचा. मामीच्या वाट्याला शेवटी एकच ओळ : 'मामी छान लाडू करते.' मीही लाल पेनने खूण करून दहापैकी सात गुण देत आले. खरं सांगायचं तर माझ्या आठवणीही त्याहून वेगळ्या नव्हत्या.

आमचं आजोळ रत्नागिरीजवळ, पावसच्या बाजूला. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडलं. आमच्या लहानपणी, १९६० च्या आसपास, पुण्याहून एस.टी.नेच जायचं. आंबा घाट उतरताना निम्मी मुलं उलट्या करून मोकळी व्हायची. घरी पोचलं की मामा ओटीवर उभाच असायचा. तीन बहिणींची आम्ही सात आणि त्याची चार, अशी अकरा मुलं महिनाभर त्या घरात धुडगूस घालायची. सकाळी मऊ भात आणि मेतकूट, दुपारी फणसाची भाजी, कधी सांदणं. हापूसच्या पेट्या मुंबईला रवाना व्हायच्या, पण मामा माळ्यावर एक आढी आमच्यासाठी राखून ठेवायचाच. रायवळ आंबे तर बादलीभर. आम्हाला वाटायचं, मामा केवढा श्रीमंत!

मामा प्राथमिक शाळेत मास्तर होता. आंब्याची कलमं होती मोजून पाच-सहा.

गेल्या वर्षी मामेभावाने जुन्या घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावर मामाची जमाखर्चाची वही सापडली. ती मी एका दुपारी चाळली. दरवर्षी मे महिन्यात वाण्याची उधारी तिपटीने वाढलेली. तांदूळ, गूळ, चहा, रॉकेल. मग जूनपासून पाच रुपये, सात रुपये असे जमा. शेवटचा हप्ता दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे आमची एक सुट्टी हे घर सहा महिने फेडत होतं! जिने चिखलवाट तुडवत शाळेत जाणाऱ्या स्वतःच्या चार मुलांना त्या काळात काय नाही म्हटलं असेल, ते वहीत लिहिलेलं नव्हतं.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मामी आता नव्वदीत आहे. मी तिला फोन लावला. म्हटलं, "मामी, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असायचं, तू अकरा पोरांना आंघोळी घालायचीस. कधी कंटाळा नाही आला?"

मला वाटलं, 'छे गो' म्हणेल. ती म्हणाली, "यायचा की! रडायचेसुद्धा कधीकधी, चुलीपुढे कोणाला कळतंय? पण तुमच्या आयांना माहेर दुसरं कुठलं होतं?"

मी गप्पच झाले. माझ्या आईला वर्षातून एकदा उशिरापर्यंत झोपायला मिळायचं, ते याच घरात. आमची सुट्टी हे निमित्त. मामी माझ्या आईला माहेर देत होती. तेही स्वतः माहेरी न जाता, कारण मे महिन्यात तिला हलता यायचं नाही.

'पूर्वीची माणसं मोठ्या मनाची होती' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ते मला आता पटत नाही. त्या वाक्यात त्यांचं मन मोठं होतं आणि आपला हिशेब तिथेच मिटतो. त्यांनाही थकवा यायचा, पैसे पुरायचे नाहीत, चीडही येत असेल. तरी त्यांनी दार उघडं ठेवलं. औदार्य म्हणतात ते यालाच, असं मला वाटतं. भरलेल्या घरातून देणं त्या मानाने सोपं.

आताच्या सुनांनी अकरा मुलं महिनाभर सांभाळावीत, असं मी मुळीच म्हणणार नाही. मामीलाही कोणी विचारलं नव्हतं, हे विसरून कसं चालेल? पण चार दिवस भाचरांना बोलवावं, कामं सगळ्यांनी वाटून घ्यावीत, आणि जी माणसं अजून आहेत त्यांच्यापाशी जाऊन नेमकं काय आठवतं ते सांगावं. श्राद्धाच्या दिवशी गुण गाण्यापेक्षा ते बरं.

फोन ठेवताना मी म्हटलं, "मामी, तुझे फार उपकार आहेत गं." ती म्हणाली, "उपकार राहू देत. मे महिन्यात येतेस का ते सांग."

तिकीट काढलंय. या खेपेला पाणी मी भरणार आहे.