विश्लेषण : पेडल स्टील गिटारसाठी हलका ॲम्प निवडताना किलो कुठले कमी करावेत?

अमेरिकेतील कंट्री संगीतात गायकाच्या मागे जो लांबत, घसरत जाणारा करुण सूर ऐकू येतो, तो बहुतेक वेळा पेडल स्टील गिटारचा असतो. ऐकायला तरल असलेले हे वाद्य उचलायला मात्र चांगलेच जड आहे. दोन पट्ट्यांचे पेडल स्टील केससह साधारण ३० किलोंच्या घरात जाते. त्याच्या जोडीला अनेक दशके वापरला गेलेला फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब हा ॲम्प्लिफायर सुमारे २९ किलोंचा. म्हणजे वादक एक आणि ओझे जवळपास ६० किलो. वय वाढले, पाठ किंवा खांदा कुरकुरू लागला की हे ओझे गाडीपर्यंत न्यायचे कसे, यावरच कार्यक्रम घ्यायचा की नाही हे ठरू लागते.

आता बाजारात हलके ॲम्प आले आहेत. मात्र केवळ वजनाचा आकडा पाहून घेतलेला ॲम्प या वाद्याला पुरा पडेलच असे नाही. वजन लोखंडातून आणि चुंबकातून कमी करावे. ताकद आणि स्पीकरच्या दर्जातून करू नये. असे का, ते समजून घेऊ.

हे वाद्य वेगळे कसे?

पेडल स्टील चार पायांवर आडवे उभे असते आणि वादक त्यापुढे बसतो. डाव्या हातात तारांवर फिरवायचा पोलादी दांडा, उजव्या हातात नख्या. डावा पाय पेडल दाबतो, गुडघे खालचे लिव्हर ढकलतात आणि त्यामुळे वाजत असतानाच तारांचा सूर बदलतो. उजवा पाय आवाजाच्या, म्हणजे व्हॉल्यूम पेडलवर असतो. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी हा पेडलचा सूर वाजवला आणि नॅशव्हिलमध्ये त्याची लाट आली.

या वाद्याचे मूळ हवाईयन गिटारमध्ये आहे. व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनी त्या गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून आपल्याकडील जुन्या पिढीला चांगल्याच ओळखीच्या आहेत.

इतके वॅट कशासाठी?

साधी इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या अनेकांना ॲम्प थोडा फाटलेला, खरखरीत वाजलेला आवडतो. त्यांचे काम १५-२० वॅटच्या ट्यूब ॲम्पवर भागते. पेडल स्टीलचे तसे नाही. येथे दोन-तीन तारा एकत्र वाजतात आणि त्यातील एखादीच तार पेडलने वर सरकते. आवाज फाटला की तो सरकता सूर गढूळ होतो आणि वाद्याची ओळखच हरवते.

त्यात व्हॉल्यूम पेडलची भर. तार छेडताना वादक पेडल अर्धवट दाबतो. तारेचा आवाज विरू लागला की पाय हळूहळू खाली नेतो, त्यामुळे सूर लांबतो. पण पेडल बरेच दाबलेले असताना नवा सूर छेडला, की ॲम्पवर एकदम मोठा झटका येतो. तो न फाटता पेलण्यासाठी हाताशी राखीव ताकद असावी लागते. ध्वनितंत्रज्ञ तिला ‘हेडरूम’ म्हणतात. या वादकांत लोकप्रिय झालेला पीव्ही कंपनीचा नॅशव्हिल ४०० हा ॲम्प २०० वॅटच्या आसपासचा आणि १५ इंची स्पीकरचा होता, तो याच कारणाने.

येथे एक हिशेब लक्षात ठेवावा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे १०० आणि २०० वॅटमधील फरक वाटतो तेवढा नाही. २० आणि २०० वॅटमध्ये मात्र १० डेसिबलचे अंतर आहे आणि कानाला ते साधारण दुप्पट मोठ्या आवाजाइतके जाणवते. बँडसोबत वाजवायचे असेल तर १०० वॅटच्या खाली न उतरणे शहाणपणाचे.

वजन असते कशाचे?

जुन्या ॲम्पमध्ये तीन गोष्टी जड असतात : ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचे चुंबक आणि लाकडी खोके. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, अमेरिकेत ६०. इतक्या कमी वारंवारितेवर काम करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला भरपूर लोखंड लागते. नव्या ॲम्पमध्ये वीज आधी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते आणि मग छोटासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मोबाइलचे जुने वजनदार चार्जर जाऊन हलके चार्जर आले, ते याच तंत्राने.

दुसरी गोष्ट ‘क्लास डी’ प्रकारच्या ॲम्पची. यात ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद. उष्णता कमी निर्माण होते, म्हणून ती बाहेर टाकणारा धातूचा मोठा तुकडाही लागत नाही. तिसरी गोष्ट निओडिमियम चुंबक. सिरॅमिक चुंबकापेक्षा ते बरेच लहान असूनही तेवढेच काम करते.

२०१९ मध्ये आलेला फेंडरचा टोन मास्टर ट्विन रिव्हर्ब हे याचे ठळक उदाहरण. दोन १२ इंची स्पीकर कायम ठेवूनही त्याचे वजन सुमारे १५ किलो, म्हणजे मूळ ॲम्पच्या जवळपास निम्मे. ८५ वॅटच्या ट्यूब ॲम्पची नक्कल करण्यासाठी त्यात २०० वॅटचा डिजिटल ॲम्प बसवला आहे. क्विल्टर कंपनीने तर ‘स्टीलएअर’ हा ॲम्प खास याच वाद्यासाठी काढला.

१२ इंची स्पीकर की १५ इंची?

हे वाद्याच्या जुळणीवर ठरते. कंट्री संगीतातील ‘ई नाइन’ जुळणीत सर्वांत खालची तार साधारण १२३ हर्ट्झची असते. साध्या गिटारची सर्वांत खालची तारही ८२ हर्ट्झपर्यंत उतरते. त्यामुळे फक्त ई नाइन वाजवणाऱ्याला चांगला १२ इंची स्पीकर पुरतो आणि खोकेही लहान राहते. ‘सी सिक्स’ जुळणी मात्र ६५ हर्ट्झपर्यंत जाते. ती वाजवणाऱ्याने १५ इंचीचाच विचार करावा.

लेबलवर काय वाचावे?

पहिले, स्पीकरची संवेदनशीलता. ९७ ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर ॲम्पची ताकद दुप्पट केल्याइतका फायदा होतो आणि वजन वाढेलच असे नाही. दुसरे, ओहम. ट्रान्झिस्टर ॲम्पवर लिहिलेले २०० वॅट बहुधा ४ ओहमच्या स्पीकरसाठी असतात. ८ ओहमचा स्पीकर जोडला तर बऱ्याच ॲम्पमध्ये ताकद निम्म्याच्या आसपास येते. तिसरे, व्होल्टेज. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी ॲम्प मागवणाऱ्यांनी तो २३० व्होल्टवर चालतो का, हे आधी तपासावे. केवळ १२० व्होल्टचा ॲम्प थेट आपल्या सॉकेटला लावला तर तो जळू शकतो. वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, तर वाचवलेले किलो पुन्हा हातात येतात.

एकत्र ॲम्प घ्यावा की सुटा?

पाठीचा विचार केला तर सुटा पर्याय उजवा. एक-दोन किलोंचे ॲम्प हेड वाद्याच्या सीटमध्ये किंवा बॅगेत मावते. स्पीकरचे खोके वेगळे उचलता येते. ॲम्प बिघडला तर स्पीकर वाया जात नाही. पुढे ताकद वाढवायची झाली तरी सगळे बदलावे लागत नाही. जोडायची वायर एक वाढते, एवढाच त्रास.

दुसरी बाजू

जुना ट्यूब ॲम्प जाणकार कारागीर डाग देऊन दुरुस्त करू शकतो. नव्या ॲम्पमधील बारीक भागांचे बोर्ड अनेकदा अख्खे बदलावे लागतात. काही ॲम्पमधील पंखा शांत खोलीत ऐकू येतो. ट्यूबचा उबदारपणा हवाच असणाऱ्यांना फरक जाणवेल, हेही खरे. पण पेडल स्टीलला मुळात स्वच्छ आवाज लागतो आणि नव्या तंत्राची ताकद नेमकी तिथेच आहे. त्यामुळे या वादकांनी हलक्या ॲम्पकडे तडजोड म्हणून पाहण्याचे कारण नाही.

खरेदीपूर्वी स्वतःचे वाद्य आणि स्वतःचे व्हॉल्यूम पेडल घेऊन जावे. कार्यक्रमात असतो तेवढ्या आवाजात वरच्या तारा छेडून पाहाव्यात. त्या कर्कश वाटल्या किंवा फाटल्या, तर ॲम्प कितीही हलका असला तरी सोडून द्यावा. पास झाला, तर तो एका हातात धरून एक जिना चढून पाहावा. दोन्ही परीक्षांत उतरेल तोच ॲम्प घ्यावा.