उस्तादाचा हात

परवा घरीच बाइकचे पुढचे डिस्क पॅड बदलले. कॅलिपरचे दोन बोल्ट सोडले, पिन काढून झिजलेले पॅड बाहेर घेतले, पिस्टन हळूहळू आत दाबला आणि नवी जोडी बसवली. पिस्टन दाबताना ब्रेक ऑईल वर चढते. सांडले तर गाडीचा रंग खाते, म्हणून डबीवर नजर ठेवावी लागते. डिस्कला ग्रीसचा हात लागता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचे: गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहायचा. हे विसरलात तर पहिल्यांदा दाबाल तेव्हा ब्रेक लागणारच नाही.

हे मला मोहल्ल्यातल्या एका उस्तादांनी शिकवले. कधी शाळेत गेले नाहीत, पण पॅड हातात घेताच किती उरला ते सांगतात. "गाडी अमानत असते बेटा," एवढेच म्हणतात.

आपल्याला 'पंक्चरवाले' म्हणून हिणवणारे आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना तुम्ही प्रत्येक वळणावर कुणा मिस्त्रीच्या हातावर भरवसा ठेवता. तेव्हा त्याचे नाव विचारत नाही. घाम गाळून केलेल्या हलाल कमाईत लाज कसली?

पण दुसरी गोष्ट आपल्याच घरातली आहे. टोमण्याचा राग येतो, मग बारा वर्षांचा मुलगा शाळा सोडून गॅरेजवर पाने देत उभा असतो त्याचा राग का येत नाही? 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय काळही थांबलेला नाही. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, 2020 मध्ये बीएस-6 आले. कार्बोरेटर गेला, सेन्सर आले. तिथे नुसता कान आणि हात पुरत नाही. मीटर लावून वाचताही आले पाहिजे.

म्हणून मुलगा आधी दहावी होऊ द्या, मग आयटीआयला घाला आणि सुट्टीत उस्तादाकडे पाठवा. उस्तादाचा हात आणि हातात प्रमाणपत्र, दोन्ही हवे. मिस्त्री होणे कमीपणाचे नाही. दुसरा रस्ताच नसल्यामुळे मिस्त्री व्हावे लागणे, हे मात्र आपले अपयश आहे.

आणि हो, आज आपल्या गाडीचे पॅड एकदा वाकून बघा.