ड्रायव्हिंगची फी आणि शिकण्याची उचल



हल्ली गारगोटी भागात लागणीची पाहणी करायला गेलं, की वाणाबरोबर पोरांच्या नोकरीचाही विषय निघतो. रान वीस-तीस गुंठे, पोरगं बारावी झालेलं, ट्रकवर घालावं म्हणतात. प्रश्न एकच असतो : ड्रायव्हिंग स्कूलची फी आपण भरायची, की वाहतूक कंपनी फुकट शिकवते म्हणते तिच्याकडं पाठवायचं?

आमचं मत विचाराल तर, ऐपत असेल त्यानं स्वतः भरावी. नसेल तर कंपनीच्या पैशानं शिकण्यात कमीपणा काही नाही; मात्र ती उचल आहे हे ओळखून घ्यावी. तोडणी टोळी मुकादमाकडून उचल घेते, बाकी फिटली नाही की पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडं काढते, हे आपण दरसाल फडात बघतो. दोन-तीन वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून घेऊन भरलेली फी म्हणजे त्याच वाणाचा ऊस.

फी जास्त की कमी हे टनात मोजावं. 2025-26 हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागं 3,550 रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. राहिलेल्या पैशानं भागलं, तर फी किती टनांची ते कळतं. सोसायटीचा हप्ता गेल्यावर तेवढं उरत असेल, तर पोराला मोकळं ठेवायला ती किंमत आम्हांला जड वाटत नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही. जड वाहनासाठी स्कूलनं किमान तीस दिवसांत पंधरा तास प्रत्यक्ष गाडी चालवायला द्यावी असा नियम आहे. पंधरा तास रिकाम्या गाडीवर बसून लायसन निघेल. पण ओल्या पाणंदीतून उसानं भरलेली गाडी डांबरीवर काढणं, किंवा पाटगावच्या बाजूला उतारावर ती आवरणं, हे तेवढ्यात येत नाही. ते जुन्या ड्रायव्हरशेजारी बसूनच येतं. कंपनी तसं खरोखर शिकवत असेल तर त्या शिकण्याला मोल आहे.

म्हणून भांडण फुकटाशी नाही, कागदाशी आहे. सोडून गेल्यास द्यायची रक्कम खरोखर झालेल्या खर्चाएवढीच आहे का? महिने भरतील तशी ती कमी होते का? हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा. मग पावसाळ्यात गाडी उभी असताना पगार मिळणार का, आणि ते महिने करारात धरणार का? हे लिहिलेलं नसेल तर दोन वर्षांची चार व्हायला वेळ लागत नाही. मूळ लायसन कंपनीकडं ठेवायचं असेल तर तिथूनच परत फिरावं.

‘बाँडला कोर्टात कोण विचारतो’ असं म्हणणारे पारावर पुष्कळ भेटतात. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला आहे. उलट, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणं भरपाई वाजवी हवी. बाँडवरचा आकडा ही कमाल मर्यादा, तेवढा मिळालाच पाहिजे असा हक्क नव्हे.

आम्हांला खरी धास्ती जामीनदाराच्या सहीची. त्या कागदात बापाची सही असते, आणि कुठं ऊसबिलातून वसुलीला संमती असली, तर पोराच्या नोकरीचा बोजा सबंध घराच्या उसावर चढतो. पोरानं नोकरी सोडली तर खोडव्याचं बिल कोणी उचलायचं? अशी संमती आमच्या मते कुणीच देऊ नये.

वयाचंही बघा. व्यावसायिक वाहनाच्या लायसनला वीस वर्षं पूर्ण लागतात, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन किमान वर्षभर हातात असावं लागतं. तेव्हा अठरा पुरी होताच हलक्याचं काढून ठेवावं. त्याला फारसा खर्च नाही. अठराव्या वर्षीच ट्रकचा बाँड पुढं करणाऱ्याला ही दोन वर्षं कशात मोजणार ते विचारावं.

कागद घेऊन गट ऑफिसला या, आपण मिळून वाचू. फक्त सही करण्याआधी या.