जुन्या अमिगाची नवी फाइल सिस्टिम

कमोडोर कंपनीच्या अमिगा ५०० या संगणकाची फ्लॉपी ८८० केबीची. मूळ फाइल सिस्टिम ५१२ बाइटांच्या प्रत्येक डेटा ब्लॉकमधले २४ बाइट स्वतःच्या नोंदींसाठी राखून ठेवी. माहितीला उरत ४८८. पुढे फास्ट फाइल सिस्टिमने सगळा ब्लॉक माहितीला दिला, वेगही वाढवला. मात्र लिहिताना वीज गेली, की अख्खी डिस्क तपासत बसावे लागे.

१९९४ मध्ये कमोडोरचे दिवाळे निघाले, तरी हौशी प्रोग्रामर थांबले नाहीत. त्यांनी ही अडचण टाळणारी नवी फाइल सिस्टिम लिहिली. पीसीच्या फॅट फाइल सिस्टिमच्या डिस्क अमिगावर वाचण्याची सोयही त्यांनी करून दिली. हे काम मोलाचे आहे. अमिगाच्या फ्लॉप्यांवर एका पिढीची चित्रे, संगीत आणि प्रोग्राम आहेत. ते आजच्या संगणकावर उतरले, तरच टिकतील. म्हणून हा अंक या कामाला दिला आहे. वाचा, आणि जुन्या फ्लॉप्यांच्या प्रती आजच काढून ठेवा.