खाज म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे

अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जातंय, खाज सुटलीय, वास मात्र नाही, तर बहुधा तो कॅन्डिडा या बुरशीचा त्रास असतो. अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतर किंवा मधुमेहात तो अविवाहित मुलीलाही होतो. तरी घरात पहिला संशय तिच्यावरच! मग अम्मीला सांगायची लाज, आणि मेडिकलमधून गुपचूप आणलेलं मलम.

हिरवट-पिवळा दुर्गंधीयुक्त स्राव, फोड, ओटीपोटात दुखणं असेल तर लैंगिक संसर्गाची तपासणी हवीच. क्लॅमिडियात अनेकदा काहीच जाणवत नाही, पुढे वंध्यत्व मात्र येऊ शकतं. म्हणून अंदाज नको. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी मोफत होते. संसर्ग निघालाच तर नवऱ्यानेही उपचार घ्यायचे. बायकोला एकटीला पाठवून भागत नाही.