थंड छतालाही मिळकतकरात सवलत द्या

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,


छताला उष्णतारोधक थर किंवा परावर्तक रंग देऊन ‘थंड छत’ केले तर खर्च वीजबिलातून वसूल होतो का? ढोबळ हिशेब मांडतो. वरच्या मजल्यावरचा ५०० चौरस फुटांचा फ्लॅट, एसी उन्हाळ्याचे तीन महिने, रोज सहा युनिट, म्हणजे ५४० युनिट. त्यातला एक तृतीयांश भाग वाचला आणि युनिटला ११ रुपये धरले, तर वर्षाला बचत दोन हजारांच्या आसपास. फोमच्या शीट आणि वर कोबा हे काम चौरस फुटाला शंभर रुपये धरले, तर ५० हजार फिटायला पंचवीस वर्षे लागतील. पांढरा परावर्तक रंग २५ रुपयांत बसला तर सहा वर्षे, पण तेवढ्यात तो पुन्हा मारायची वेळ येते. पुण्याचा उन्हाळा नागपूरइतका लांब नाही. इथे तयार इमारतीवर पक्का थर निव्वळ बिलाच्या बळावर परवडत नाही, हे मान्यच करायला हवे.

तरीही हा विषय महापालिकेने हाती घ्यावा, कारण बिलात फक्त एसीवाल्याचा उकाडा दिसतो. दुपारभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर खोलीत उष्णता सोडू लागतो. रात्री दहालाही छताला हात लावला तर गरम लागतो आणि पंखा तीच हवा खाली ढकलतो. जनता वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत तर भरदुपारी बसवत नाही. तिथे एसीच नाही, म्हणून वाचवायला बिलही नाही. किंमत झोपेतून आणि तब्येतीतून चुकती होते. सोसायट्यांची अडचण निराळी. गच्ची सगळ्यांची, उकाडा मात्र वरच्या मजल्याचा, त्यामुळे खर्चाचा ठराव सभेत अडतो.

पुण्याच्या रात्री गार असतात, मग हे कशाला, असे कोणी म्हणेल. बाहेरची हवा गार होते हे खरे, म्हणून रात्री खिडक्या उघड्या हव्यातच. पण डोक्यावरचा स्लॅब तेवढ्याने निवत नाही. पांढऱ्या छताने हिवाळ्यात घर थोडे गार पडेल, पण इथे घरोघरी हीटर लागत नाहीत, तेव्हा बिल वाढायचे कारण नाही. धुळीने रंग मळतो, हा आक्षेप रास्त आहे; उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागेल.

नव्या बांधकामात गणितच बदलते. वॉटरप्रूफिंग आणि कोबा तिथे होतोच, वाढतो तो फक्त शीटचा खर्च. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतातून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे, तापमानाच्या दर अंश फरकाला, १.२ वॉटची मर्यादा आहे. नुसता काँक्रीटचा स्लॅब तीनच्या पुढे जातो. बांधकाम परवानगी देतानाच ही अट तपासता येईल. असे पाऊल नवे नाही; तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले.

सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत प्रकल्पांना आपण मिळकतकरात सवलत देता. त्या यादीत थंड छत घाला. वस्त्यांमधले पत्रे आणि मनपा शाळांची छते मात्र पालिकेनेच स्वखर्चाने रंगवावीत. येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करावी आणि काम फेब्रुवारीअखेर पुरे व्हावे, ही विनंती.

आपला,
एक पुणेकर करदाता